सायबरमॅनचे नाक : एका दूरचित्रमालिकेच्या बाहुल्यांचा इतिहास



इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दप्तरांचे रुमाल, ताम्रपट, नाणी आणि बखरी येतात. आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे, ते वीतभर उंचीचे, प्लॅस्टिकचे आणि कारखान्यातून हजारोंनी निघालेले आहे. त्याला इतिहासाचे साधन म्हणावे की नाही, याचा निर्णय तासाभराने आपणच करावा. माझे म्हणणे एवढेच, की या बाहुल्याकडे नीट पाहिले तर पन्नास वर्षांत माणसाच्या पाहण्याचा आणि जपून ठेवण्याचा रिवाज कसा बदलला ते समजते. आणि हा बदल आपल्याही घरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

प्रारंभ एका नाकापासून करतो. १९७६ च्या सुमारास इंग्लंडमधील लीड्स येथील डेनिस फिशर या कंपनीने 'डॉक्टर हू' या विज्ञानकथात्मक दूरचित्रमालिकेतील पात्रांचे बाहुले बाजारात आणले. त्यांत सायबरमॅन नावाचे एक पात्र होते. सायबरमॅन म्हणजे पूर्वी माणूस असलेला, पण एकेक अवयव काढून त्याजागी यंत्र बसवत बसवत माणूसपण गमावून बसलेला प्राणी. पडद्यावर त्याचा चेहरा सपाट. डोळ्यांच्या जागी दोन भोके, तोंडाच्या जागी एक फट, कानांवर कढईच्या कड्यांसारख्या दोन मुठी. नाक नाही. डेनिस फिशरच्या बाहुल्याला मात्र चांगले उठावदार नाक आहे. तो बाहुला विकला गेला, मुले त्याच्याशी खेळली, आणि नाकाबद्दल मोठीशी तक्रार झाली नाही. पुढे तीस वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीने त्याच मालिकेचे बाहुले काढले, तेव्हा असे नाक चालले असते का? मुळीच नाही. कोटाची बटणे किती आणि कोणत्या रंगाची, यावर तेव्हा ग्राहक वाद घालत होते. या तीस वर्षांत घडले काय, हा आजचा प्रश्न आहे.

आधी नावाचा उलगडा करू. 'ॲक्शन फिगर' हा शब्द जन्मला संकोचातून. १९६४ साली अमेरिकेतील हॅसब्रो कंपनीने मुलग्यांसाठी बारा इंच उंचीचा, सांधे हलणारा, कपडे बदलता येणारा सैनिक बाजारात आणला. त्याचे नाव जी. आय. जो. ही वस्तू उघडउघड बाहुली होती. पण बाहुली म्हटली की मुलगे हात लावणार नाहीत, या भीतीने तिला नवे नाव दिले गेले. मराठीला ही अडचण पडली नसती. आपल्याकडे बाहुलीच्या जोडीला बाहुला पहिल्यापासून आहे. त्यांचे लग्न लावायचे तर दोघेही लागतात. म्हणून मी आज निःसंकोच 'बाहुला' हाच शब्द वापरणार आहे.

आता मालिकेकडे वळतो. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी दाखवला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, त्यामुळे पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. मालिकेची कल्पना पुढे नेणारे सिडनी न्यूमन हे मूळचे कॅनडाचे. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट अवघ्या सत्तावीस वर्षांची. आणि पहिली कथा दिग्दर्शित करणारा चोविशीतला तरुण होता वारिस हुसेन, लखनऊमध्ये जन्मलेला आणि इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचा मुलगा. बीबीसीसारख्या संस्थेत त्या काळी एक कॅनेडियन, एक तरुण स्त्री आणि एक हिंदुस्थानी अशा तिघांनी मिळून उभी केलेली ही गोष्ट साठ वर्षांनंतरही चालू राहील, असे कोणी म्हटले असते तर ती त्यांनाच थट्टा वाटली असती.

कथा थोडक्यात अशी. डॉक्टर या नावानेच ओळखला जाणारा एक परग्रहवासी प्रवासी काळातून आणि अवकाशातून हिंडतो. त्याचे यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरच्या निळ्या पोलीस चौकीच्या खोक्यासारखे दिसते आणि आतून प्रचंड मोठे असते. त्याचे नाव टार्डिस. १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांनी भूमिका सोडली, तेव्हा लेखकांनी एक युक्ती योजली : हा डॉक्टर मरणाच्या दाराशी आला की त्याला नवे शरीर मिळते. हार्टनेल गेले, पॅट्रिक ट्रॉटन आले. या युक्तीमुळे मालिका अमर झाली, आणि बाहुले करणाऱ्यांचीही पुढे कायमची सोय झाली, कारण दर काही वर्षांनी नवा चेहरा, नवा पोशाख.

पहिली खेळणी मात्र डॉक्टरची नव्हती, शत्रूची होती. १९६३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या दुसऱ्या कथेत डालेक अवतरले. लेखक टेरी नेशन यांनी ते कल्पिले. त्यांना रूप दिले बीबीसीच्या पगारी आरेखकाने, रेमंड क्यूसिक यांनी. खाली घेर असलेला, पाय न दिसता जमिनीवरून सरकणारा, अंगभर अर्धगोल बसवलेला आणि डोळ्याच्या जागी दांडी असलेला तो आकार इंग्लंडच्या मुलांनी एका हिवाळ्यात आपलासा केला. पुढची दोन वर्षे दुकाने डालेकांनी भरून गेली. लुई मार्क्स कंपनीचा बॅटरीवर चालणारा डालेक घरोघर फिरू लागला. हक्कात वाटा असल्याने नेशन श्रीमंत झाले. क्यूसिक नोकरीत होते. त्यांना बीबीसीकडून बक्षिसादाखल शंभर पौंडांच्या आसपास रक्कम मिळाली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या बाहुल्यांच्या मागे अशी माणसे आहेत : साचे कोरणारी, डोळे रंगवणारी, जिचे नाव डब्यावर कधीच येत नाही अशी. क्यूसिकांचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते संग्राहकांनी आणि चाहत्यांनी ते आग्रहाने सांगत राहिल्यामुळे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळी दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम एकदा दिसे आणि संपे. पाहणाऱ्याला तो पुन्हा पाहण्याचा मार्ग नव्हता. दाखवणाऱ्यालाही तो ठेवण्याचे कारण वाटत नव्हते. चित्रफिती दोन इंच रुंदीच्या आणि महाग. एक पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. त्यात साठच्या दशकाअखेर रंगीत चित्र आले आणि कृष्णधवल कार्यक्रमांना कोणी विचारीनासे झाले. हिशेबाच्या दृष्टीने सगळे बरोबर होते. परिणाम असा, की 'डॉक्टर हू'च्या १९६३ ते १९६९ या काळातल्या २५३ भागांच्या मूळ चित्रफिती पुसल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी फिल्मवर काढलेल्या प्रती तेवढ्या मागे राहिल्या होत्या. सत्तरच्या दशकात त्यांतल्याही पुष्कळ नष्ट करण्यात आल्या. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला, तोवर शंभराहून अधिक भाग हातचे गेले होते. पुढे काही परत मिळाले. १९९२ मध्ये हाँगकाँगहून परत आलेली 'टूम ऑफ द सायबरमेन' ही चार भागांची कथा रसिकांपर्यंत पोहोचली. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस शहरातल्या एका केंद्रात सापडलेल्या डब्यांतून नऊ गहाळ भाग जगापुढे आले. तरीही कितीतरी भाग आज कोणाकडेच नाहीत. ट्रॉटन यांची पहिली कथा, सहा भागांची 'पॉवर ऑफ द डालेक्स', संपूर्ण गहाळ आहे. हार्टनेल यांचा चेहरा विरघळून ट्रॉटन यांचा होतो तो भागही नाही. ते एक दृश्य तेवढे वाचले, कारण मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात त्याचा तुकडा दाखवला गेला होता.

मग बाकीचे काय उरले? येथे घरे पुढे येतात. साठच्या दशकात काही मुले दूरचित्रवाणी संचाच्या कर्ण्यासमोर मायक्रोफोन धरून बसत आणि टेपरेकॉर्डरवर आवाज उतरवून घेत. मधेच आई चहाला हाक मारी, दार वाजे, कुत्रे भुंके. मुले सगळ्यांना गप्प करीत. या मुलांच्या पायी आज गहाळ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज उपलब्ध आहे, एकही अपवाद नाही. दुसरे नाव जॉन क्यूरा यांचे. पडद्यावर चालू असलेल्या कार्यक्रमाची कॅमेऱ्याने छायाचित्रे काढून ती नटांना आणि दिग्दर्शकांना विकणे हा त्यांचा व्यवसाय. एकेका भागाची त्यांनी काढलेली छायाचित्रे कागदपत्रांच्या फायलींत पडून राहिली आणि कित्येक गहाळ भागांचे तेवढेच दृश्य रूप आज शिल्लक आहे. म्हणजे जी संस्था कार्यक्रम निर्माण करीत होती, तिने ते पुसले. आणि ज्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यांनी ते सांभाळले.

या पार्श्वभूमीवर डेनिस फिशरच्या नाकाकडे पुन्हा पाहा. १९७६ मधल्या मुलाने सायबरमॅन पाहिला तो वर्षभरापूर्वी, चार शनिवार, मिनिटभर या प्रसंगात आणि मिनिटभर त्या प्रसंगात. त्यानंतर तो त्याच्या आठवणीत राहिला. आठवणीतल्या चेहऱ्याला नाक असते. आपण कोणाचाही चेहरा आठवू लागलो की नाक धरूनच आठवतो. मूर्तिकाराच्या हाताशीही बहुधा फारसे काही नसावे. त्या संचात टॉम बेकर यांचा डॉक्टर होता, कापडी कोट, टोपी आणि लांब गळपट्टा घातलेला. लीला होती, एक डालेक होता, 'रोबो' या कथेतला प्रचंड यंत्रमानव होता. टार्डिसच्या खोक्यात डॉक्टरला उभे करून ते फिरवायचे, कळ दाबायची, दार उघडले की डॉक्टर नाहीसा. मुलाला एवढे पुरेसे होते. त्या बाहुल्याचे काम स्मृती जागी करण्याचे होते, पुरावा देण्याचे नव्हते. आपल्या गौरीच्या मुखवट्यासारखेच ते. मुखवटा देवीशी जुळतो का, असे कोणी पडताळून पाहत नाही.

त्या गळपट्ट्याची गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. वेशभूषाकार जेम्स ॲचेसन यांनी बेगोनिया पोप नावाच्या विणकाम करणाऱ्या बाईंकडे रंगीबेरंगी लोकरीची बरीच गुंडे पाठवली. किती विणायचे हे स्पष्ट नसल्याने बाईंनी सगळी लोकर संपेपर्यंत विणले. निघाला तो जमिनीवर लोळणारा गळपट्टा. बेकर यांना तो आवडला आणि तसाच राहिला. १९७६ च्या बाहुल्याचा गळपट्टा हा 'पट्ट्यापट्ट्यांचा लांब गळपट्टा' एवढ्याच अर्थाने खरा होता. पुढच्या पिढीने मात्र कोणता रंग कितव्या पट्ट्याचा, हे मोजून ठेवले.

मोजता आले, कारण मध्यंतरी घरात व्हिडिओ आला. १९८३ मध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू'ची पहिली कथा व्हीएचएस आणि बीटामॅक्स फितींवर विक्रीला काढली. योगायोग असा, की ती सायबरमॅनचीच होती. चार भाग जोडून एक सलग चित्रपट केलेला, वर काटछाट केलेली, आणि किंमत जवळजवळ चाळीस पौंड. तरी लोकांनी ती घेतली. पहिल्यांदाच प्रेक्षकाच्या हातात थांबवण्याची कळ आली. चित्र थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा पाहायचे. एकदा दिसून संपणारी गोष्ट आता पोथीसारखी वाचता येऊ लागली. आणि पोथी आली की पाठभेद आलेच. 'हे असे नव्हते' हे वाक्य म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला त्या कळीने दिला.

बाहुले करणाऱ्यांना हे वेळीच कळले नाही. १९८८ च्या सुमारास डॅपॉल या आगगाड्यांची छोटी मॉडेले करणाऱ्या कंपनीने मालिकेच्या पंचविशीनिमित्त नवे बाहुले काढले. त्यांतल्या चुका आज संग्राहकांत म्हणींसारख्या प्रसिद्ध आहेत. टार्डिसमधले यंत्रांचे मेज पहिल्या भागापासून षट्कोनी; डॅपॉलचे पंचकोनी. के-नाइन हा यांत्रिक कुत्रा राखाडी रंगाचा. डॅपॉलचा आधी हिरवा निघाला. डालेकांचा निर्माता डाव्ह्रॉस एका हाताचा. डॅपॉलने त्याला दोन हात बहाल केले. बारा वर्षांपूर्वी नाकाकडे कोणी पाहिले नव्हते. आता पाचवी बाजू आणि दुसरा हात तत्काळ पकडले गेले. कंपन्या तितक्याच बेफिकीर होत्या. बदलला होता तो पाहणाऱ्याचा डोळा.

तरीही लोकांनी ते बाहुले विकत घेतले, चुकांसकट, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ६ डिसेंबर १९८९ रोजी जुन्या मालिकेचा अखेरचा भाग दाखवला गेला आणि बीबीसीने ती पुढे चालवली नाही. १९९६ मधला एक दूरचित्रपट सोडला, तर २००५ पर्यंत पडद्यावर नवे काही नव्हते. ही पंधरा वर्षे मालिका कोठे होती? फितींत, कथांच्या स्वस्त पुस्तकांत, १९७९ पासून निघणाऱ्या नियतकालिकात, आणि माळ्यावरच्या, कपाटातल्या बाहुल्यांत. ज्याचे देऊळ बंद पडले आहे अशा देवाची मूर्ती घरच्या देव्हाऱ्यात असावी, तसा तो पंचकोनी मेजाचा संच फडताळात बसून होता.

आणि या घरांतूनच पुढचे निर्माते आले. २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी करणारे रसेल टी. डेव्हिस हे लहानपणापासूनचे चाहते. त्यानंतर डॉक्टर झालेले डेव्हिड टेनंट यांनी नट होण्याचे ठरवले तेच मुळी ही मालिका पाहून. पुढे तीच भूमिका करणारे पीटर कपाल्डी यांचे शाळकरी वयातले मालिकेच्या कौतुकाचे पत्र एका साप्ताहिकात १९७४ साली छापून आलेले आहे. जपणाऱ्यांची मुले मालक झाली, असे म्हटले तरी चालेल. आता चूक करायला वाव उरला नव्हता. घरचेच परीक्षक होते.

२००५ नंतर मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममधील कॅरेक्टर ऑप्शन्स या कंपनीने पाच इंची बाहुले काढायला सुरुवात केली. कापडी कपडे गेले. कोटाच्या चुण्या, टायची गाठ, बुटाची नाडी प्लॅस्टिकमध्येच कोरलेली. सांधे मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा असे ठिकठिकाणी वळणारे. चेहरा पाहून नट ओळखू यावा, इतकी सफाई. नव्या मालिकेचे बाहुले खपले, तेव्हा २००८ पासून जुन्या मालिकेचेही आले, आणि एकाच पोशाखातील किरकोळ फरकही स्वतंत्र बाहुला म्हणून निघू लागले. अमुक कथेतला कोट, तमुक कथेतला कोट. अकराही डॉक्टर एका डब्यात बसवलेला संच निघाला. परक्याला हा वेडेपणा वाटेल. पण एखाद्या पैठणीच्या काठावरून जाणत्या बाईला काळ सांगता येतो, तीच ही विद्या आहे. बटणावरून, शिलाईवरून, कॉलरवरून हे लोक कथेचे वर्ष सांगतात.

त्या अकरांत दुसरा होता पॅट्रिक ट्रॉटन. त्यांच्या कारकिर्दीतील ११९ भागांपैकी पन्नासहून अधिक गहाळ आहेत. पडद्यावर जो माणूस अर्धा पुसला गेला आहे, त्याचा बाहुला मात्र पुरा आहे : चुरगळलेला काळा कोट, गळ्याशी बो, चौकड्यांची ढगळ विजार. या कपड्यांचा तपशील कोठून आला? वाचलेल्या भागांतून आणि छायाचित्रांतून, म्हणजे कोणीतरी टाकले नाही म्हणून राहिलेल्या कागदांतून. गहाळ कथांवरून पुढे अधिकृत सचेतपटही झाले. २०१६ मध्ये 'पॉवर ऑफ द डालेक्स'चे सहाही भाग रेखाटून पुन्हा उभे केले गेले. त्यातला आवाज मूळचा. तो त्या मायक्रोफोन धरून बसलेल्या मुलांचा.

या साऱ्या कौतुकाला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवणे इतिहासकाराला शोभणार नाही. पहिला दोष बंद डब्याचा. बाहुला डब्यातून काढला की त्याची किंमत उतरते, म्हणून पुष्कळ संग्राहक तो कधीच काढत नाहीत. पंचवीस-तीस सांध्यांचा, कोणीतरी जीव ओतून घडवलेला बाहुला पारदर्शक खिडकीमागे जन्मभर एकाच मुद्रेत उभा. दुसरा दोष हावेचा. १९९६ मध्ये अमेरिकेत प्लेमेट्स कंपनीने 'स्टार ट्रेक' या दुसऱ्या विज्ञानमालिकेचे काही बाहुले मुद्दाम १७०१ नगच काढले, कारण मालिकेतल्या यानाचा क्रमांक १७०१. एवढी वर्षे ओळीने संच जमवत आलेल्या सामान्य माणसाला ते दुकानात दिसलेही नाहीत. व्यापाऱ्यांनी उचलून अवाच्या सवा भावाने विकले. संच पुरा होणार नाही हे कळल्यावर अनेकांनी जमवणेच सोडून दिले. दुर्मिळता काळाने आणली तर ती वस्तूच्या इतिहासाचा भाग असते. विक्रेत्याने आणली तर ती निव्वळ युक्ती. तिसरा दोष संग्राहकाच्या स्वतःच्या सवयीचा. २०१३ मध्ये कॅरेक्टर ऑप्शन्सने उंची पाच इंचांवरून पावणेचार इंचांवर आणली, तेव्हा जुन्या रांगेत नवा डॉक्टर पोरासारखा दिसू लागला आणि मोठी नाराजी पसरली. नंतर कंपनीला मोठ्या मापाकडे परतावे लागले. ही नाराजी बाहुल्याच्या गुणदोषांबद्दल नव्हती, फळीवरच्या रांगेबद्दल होती. रांगेवरचे प्रेम कधीकधी वस्तूवरच्या प्रेमाला गिळून टाकते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घोळते. तंतोतंतपणा वाढत गेला, तसा मुलाच्या कल्पनेला उरलेला वाव कमी झाला का? नाक असलेल्या सायबरमॅनला मूल काहीही करू शकत होते. तो आठवणीचा होता, म्हणून मुलाचा होता. आजचा बाहुला पडद्याचा आहे. याचे सरळ उत्तर मला देता येत नाही. पण एवढे दिसते की १९७६ चे ते नाकाचे बाहुले आज संग्राहक जिवापाड जपतात, आणि चूक होती म्हणूनच जपतात. चूक हीसुद्धा त्या काळाची नोंद आहे : लोकांनी एकदाच पाहिले होते, आणि आठवणीवर विश्वास ठेवून केले होते. शुद्ध प्रत मिळाल्यावर जुनी अशुद्ध पोथी फेकायची नसते, हे आपल्याकडे पाठचिकित्सा करणाऱ्यांना ठाऊक आहे. तिच्यातल्या चुका हाच लेखकाचा आणि काळाचा पत्ता असतो.

मित्रहो, आता आपल्या घरी येऊ. पुसण्याचा हा दोष एकट्या इंग्रजांचा नाही. १९३१ चा 'आलम आरा', हिंदुस्थानातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आपल्याला पुरा दिसत नाही. कागदांची गोष्ट तर आपल्याला सांगायलाच नको. राजवाडे गावोगाव हिंडत होते ते अशा घरांच्या शोधात, जिथे दप्तर अजून वाण्याच्या पुड्यांना गेलेले नाही. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथल्या आपल्या जुन्या वाड्यांतून काय काय गेले आणि काय राहिले, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला आपापल्या घरापुरते माहीत आहे. आपण मराठी मुलखापासून दूर राहिलो, म्हणून थोडे जास्त जपले. तरी वाटण्या झाल्या, वाडे पडले, फ्लॅट आले, आणि दर वेळी कोणीतरी म्हणाले की हे कशाला ठेवायचे.

या प्रश्नाला आपण ठराविक उत्तर देतो. सनदा ठेवू, पोथ्या ठेवू, आजोबांचे पदक ठेवू. मुलांची खेळणी, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या नाट्यगीतांच्या कॅसेटी, लग्नाच्या व्हिडिओ फिती, दिवाळीत किल्ल्यावर मांडलेले मातीचे मावळे, यांची गणना रद्दीत होते. बीबीसीच्या अधिकाऱ्यांनीही नेमका हाच विचार केला होता. तेही सुशिक्षित, जबाबदार लोक होते. नाटके आणि राष्ट्रीय समारंभ ठेवावेत, शनिवारच्या संध्याकाळच्या मुलांच्या गोष्टी पुसाव्यात, असे त्यांना वाटले. ज्या गोष्टीवर त्यांनी फुली मारली, तीच त्यांच्या संस्थेची जगभरची ओळख ठरली. भावी काळाला काय हवे असेल, हे ओळखण्यात मोठ्या संस्था चुकतात, आणि बारा वर्षांचे मूल कित्येकदा बरोबर ठरते, कारण ते भविष्याचा विचार करीतच नाही. त्याला आवडले म्हणून ते ठेवते.

सगळेच ठेवता येत नाही, हे मला कळते. ठेवले तर माणसाला राहायला जागा उरणार नाही. पण टाकण्याआधी एक करता येईल. ज्याने ते वर्षानुवर्षे सांभाळले, त्याला विचारावे, हे काय आहे आणि का ठेवलेस? नातू असो की आजी, तो जे सांगेल ते लिहून घ्यावे. वस्तू गेली तरी ती का ठेवली होती एवढे तरी राहील. आणि विचारताना हसू नये. साठ वर्षांपूर्वी संचासमोर मायक्रोफोन धरून बसलेल्या मुलाला घरच्यांनी हसून उठवले असते, तर एक आवाज कायमचा गेला असता.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी नातवाच्या फळीवर असा एखादा बाहुला असेल, तर आज घरी गेल्यावर तो हातात घ्या आणि त्याचे बटण कोणत्या कथेतले, ते त्याच्याकडून ऐका. मुलाला त्याच्या विद्येची परीक्षा देण्याची संधी क्वचित मिळते. ऐकता ऐकता कदाचित तुम्हीही त्याला देवघरातल्या, दिवाणखान्यातल्या, माळ्यावरच्या एखाद्या वस्तूची हकीकत सांगाल. आणि जपण्याचे काम एका पिढीने पुढे सरकेल.